एक्स-रे स्वच्छ, पण हेलो आहे

तीर्थरूप ताईस,

पडल्यापडल्या साष्टांग नमस्कार (आठही अंगं गादीला टेकलेली आहेत, फक्त उलट्या बाजूने). तुझे गुडघे काय म्हणतायत? भावोजींच्या डोळ्याची पट्टी निघाली का? इकडचं म्हणशील तर रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधांनी वाईट पेशींबरोबर माझ्या चांगल्या पांढऱ्या पेशीही झाडून नेल्या, म्हणून मला काचेच्या खोलीत इतर रोग्यांपासून वेगळं ठेवलंय. काळजी करू नकोस, आणि येण्याची धावपळ तर मुळीच नको.

ताप तेवढा उतरत नव्हता. एक्स-रे अगदी स्वच्छ निघाला (तुझ्या भावजयीने तो नर्सला माझं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा दाखवला). तरी मोठ्या डॉक्टरीणबाईंना चैन पडेना, त्यांनी सीटी स्कॅनला धाडलं. तिथे यंत्रातून एक बाई हुकूम सोडते, श्वास घ्या, रोखून धरा. सूर थेट तुझा, त्यामुळे मी मुकाट्याने रोखला. पुढे ‘सोडा’ म्हणायला बाई विसरल्या की काय कोण जाणे. खोकला दाबताना डोळ्यांत पाणी आलं. हललो तर फोटो बिघडणार, आणि फोटो बिघडला तर आत जे काही आहे ते कुणाला दिसणारच नाही. फार भीती वाटली तेव्हा.

खोलीत परतलो. डॉक्टरीणबाई उशाशी असतानाच स्कॅनवाल्या डॉक्टरांचा फोन आला. हातात मोजे, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. पलीकडून आवाज आला, “हेलो आहे.” या म्हणाल्या, “हेलो?” ते म्हणाले, “हो, हेलो. उजवीकडे.” तुझ्या भावजयीला त्यांची दया आली. ती म्हणाली, “मॅडम, इथे रेंज नसते, जिन्यापाशी जाऊन बोला.” कोणीच हसलं नाही. मॅडमचा चेहरा बघून मी समजलो, हा फोनवरचा हॅलो नव्हे. डागाभोवती धुरकट कडं दिसतं, त्याला यांच्यात हेलो म्हणतात, आणि पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसात असं कडं म्हणजे बहुतेक बुरशीच. फुफ्फुसात. भावजय उसळलीच (तिच्या घरात पावाला बुरशी लागायची हिंमत नाही). मॅडमनी समजावलं, बुरशी हवेत असतेच, सगळ्यांच्याच नाकात जाते, यांच्याकडे तिला हाकलायला कोणी उरलं नाही एवढंच. बाकीच्या तपासण्यांची वाट न बघता त्यांनी लगेच औषध सुरू केलं. औषध लागू पडलं तरी आधी डाग वाढलेला दिसेल, घाबरू नका, असंही म्हणाल्या. ते ‘घाबरू नका’ ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे.

बाकी सर्व ठीक. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात दुसरा स्कॅन झाला. डाग खरंच वाढलाय. पण पांढऱ्या पेशी परतायला लागल्यात आणि डागात हवेची बारीक चंद्रकोर दिसतेय. बुरशी मागे हटत असल्याची ही खूण म्हणे. मॅडम पहिल्यांदाच हसल्या. भावजय बाहेर जाऊन रडून आली.

ता. ता. क. : आता खरं काम लिहितो. बुरशी आटोक्यात आली की माझ्या हाडांतली, रक्त बनवणारी मज्जा बदलायची आहे, आणि ती सख्ख्या भावंडाशी जुळण्याची आशा सगळ्यात जास्त. मला भावंड तू एकच. आधी फक्त तुझं रक्त तपासतील. सुई नुसती दिसली तरी तू मटकन खाली बसतेस, हे मी मॅडमना सांगून ठेवलंय, त्या आडवं झोपवून घेतील. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही, असं लिहिणार होतो. पण ते खोटं आहे. रागावेन. लगेच निघ, ताई. मला जगायचंय.