मंगळवारचं कारण

दर्शना,

तांदळाच्या डब्यामागं तुझी वही सापडली. मी कधी न कुठं सिगरेट ओढली ते तू तारखेनिशी लिवलंयस. सांजच्याला फोन घेऊन विहिरीकडं जातेस, तवाच मला संशय आला होता, की तू डॉक्टरबाईंना माझं सगळं सांगतेस.

सकाळी मुरबाडला जाऊन डॉक्टरबाईंना तोंडावर विचारलं, "सिगरेट सोडवायच्या नावाखाली माझ्या डोक्याची चौकशी चाललीय ना?"

त्या म्हणाल्या, "वही मीच ठेवायला सांगितली. ओढायच्या आधी काय घडतं ते कळल्याशिवाय ती सुटणार नाही. तुम्ही तर काहीच सांगत नाही."

मला पटलं नाय. घरी येऊन वही परत वाचली. वरातीतले फटाके, कुकरची शिट्टी, सगळं बरोबर टिपलंयस. मंगळवारी मात्र "कारण नाय" लिवलंस.

कारण होतं. राघोच्या ट्रॅक्टरमधून डिझेल सांडलं, त्याचा वास आला. फौजेत असताना आमची गाडी सुरुंगावर गेली तवा तसाच वास होता. माझ्यासंगचा बळवंत आत अडकला होता, मला हाका मारत होता. माझ्याच्यानं दार उघडलं नाय. तू विचारायचीस तवा मी म्हणायचो, तो जागीच गेला. ते खोटं होतं.

ही चिठ्ठीपण तू बाईंना दाखवशील, असं अजून वाटतंय. दाखव, पण आधी तू वाच.

येताना टोकावड्याला सिगरेटचं पाकीट घेतलं, ते अजून फोडलं नाय. खळ्यावर बसलोय. बाजारातून आलीस की पिशवी ठेव न इकडं ये.

साईनाथ