किलीचा दाणा

४ मे
घोड्यांपासून लांब राहायचं! डॉक्टरीणबाई म्हणाली — "धुळीला दोष देऊ नका, अल्हाजी. घोड्याच्या अंगाचा कोंडा छातीत जातो. तबेल्यात जन्म काढणाऱ्यांना होतो हा दमा. लेगोसला मुलीकडे गेलात की मोकळं वाटतं ना?" वाटतं. पण लीद उचलता उचलता झारियात स्वतःचा तबेला उभा केला, तो काय मुलीच्या दारात बसण्यासाठी?

७ मे
माझ्या घोड्याला, किलीला, सालिसूच्या हवाली केलं. जुना मोतद्दार माझा. तबेल्यात पाऊल टाकायचं नाही, असं मी कबूल केलंय. बायको, देलू, म्हणते — "चला, सवत तरी गेली माझी!"

१२ मे
अंगणात बसतो, कान भिंतीपलीकडे. सालिसू किलीला म्हणतो — "माझ्या राजा, माझ्या नवरदेवा!" माझ्या घोड्याला! इतक्या लाडात मी देलूशीसुद्धा बोललो नाही. बाजरीच्या फुऱ्याचा वाडगा तसाच बाजूला सारला.

१५ मे
हरामखोर! आज माझी नक्कल केली. आधी दोन कोरड्या ढासा, मग छातीतली ती लांब शिट्टी — हुबेहूब मी! बाकीचे मोतद्दार खिदळले. उद्या हाकलतो.

१६ मे
बोलावलं. "माझ्या दुखण्याची थट्टा करतोस?"
कानाला हात लावला त्याने. "नाही हो, अल्हाजी! तुम्ही यायचं सोडलंत तसा किली दाण्याला तोंड लावेना. गूळ दिला, भुईमुगाचा पाला दिला. मग आठवलं — पहाटे आधी तुमचा खोकला यायचा, मागून दाणा. म्हणून खोकून पाहिलं. लगेच खाल्लं!"
हसू की रडू! घोडा माझा, खोकला माझा, आणि खातो त्याच्या हातचं. हाकलला नाही. उलट सांगितलं — शिट्टी आणखी थोडी लांबव.
दिवसभर उगाच खुशीत.

२८ मे
ईदची मिरवणूक. मी गच्चीवर, तोंडावर पगडीचा शेव. खाली सालिसू लगाम धरून, आणि लोक काय म्हणतात — "सालिसूचा घोडा बघा!"
सालिसूचा!!

९ जून
पहाटे भिंतीशी जाऊन उभा राहिलो. सालिसू खोकला. किली दाणा चावू लागला — करकर, करकर. जळफळत ऐकलं.
दाणा संपला. घमेलं उचलल्याचा आवाज आला.
सालिसू खोकतच होता.