रानशेतच्या पाड्यावरची सुवार्ता

४ जानेवारी, रविवार
चर्चच्या मंडळीच्या सभेत सुवार्ता समितीचा सेक्रेटरी म्हणून माझी निवड. बिनविरोध. (दुसरं कुणी उभंच राहिलं नाही, पण बिनविरोध ते बिनविरोधच.) प्रभूची सुवार्ता पोचवायचा प्लॅन: मार्चपर्यंत रानशेत, पावसाआधी गंजाड, नाताळपर्यंत तलासरी. आमचे पाळक एकनाथसाहेब म्हणाले, एका घरापासून सुरुवात करा. साधा माणूस. व्हिजन कमी.
नीलम म्हणाली, आधी तुमच्या ऑफिसात तरी कळू दे तुम्ही चर्चला जाता ते. बायकोला स्ट्रॅटेजी कळत नाही. शेजारच्या टेबलावरच्या सुनिलला वाटतं, मी रविवारी योगाला जातो. तसं मी कधी म्हटलेलं नाही. नाही असंही म्हटलेलं नाही.

११ जानेवारी, रविवार
रानशेत. पाड्याच्या चढावर स्कूटर बंद. सुक्या नावाच्या माणसाने ढकलत वर आणली. मी हँडल धरून मार्गदर्शन केलं. त्याच्याच घरी बसलो. प्रवचन दुसऱ्या मुद्द्यावर थांबवावं लागलं, कारण आत त्याची बायको रखमी तापाने फणफणत होती. तिच्यासाठी प्रार्थना केली. दवाखान्यात न्या, असंही सांगितलं. निघताना म्हणालो, "भाऊ, काही लागलं तर डहाणूला माझ्या ऑफिसात ये. मी तुमचाच आहे." कुठे बसतो तेही नीट समजावलं.
'मी तुमचाच' छान जमलं. पुढेही वापरावं.

२१ जानेवारी, बुधवार
झालं ते लिहून टाकतो. दुपारी ऑफिसात आमचे साहेब आमच्या टेबलांपाशी उभे होते. विषय पाड्यांवर फिरणाऱ्या चर्चवाल्यांचा. साहेब म्हणाले, आपल्या स्टाफपैकी कुणी त्यात असेल तर आधीच सांगा, मागून माझ्या डोक्याला ताप नको. सुनिल हसला. मी त्याच्यापेक्षा जरा जास्तच हसलो.
तेवढ्यात दारात सुक्या. हातात चिकूची पिशवी. सरळ माझ्याकडेच आला. "भाऊ, रखमी उठली. बरी हाय आता. तू देवाला सांगितलंस ना, तेच..."
मी म्हणालो, "कोण पाहिजे? चुकीच्या टेबलावर आलात तुम्ही."
तो माझ्याकडे बघत राहिला. मग साहेबांकडे बघितलं. मग साहेबांनाच म्हणाला, "हां, चुकलं माझं. तो दुसराच माणूस. असाच दिसतो." आणि पिशवी घेऊन गेला.
साहेब म्हणाले, ही माणसं कुठेही घुसतात. मी म्हणालो, हो ना.
'हो ना' म्हणायची गरज नव्हती.

२२ जानेवारी, गुरुवार
शांतपणे विचार केला. याला नाकारणं म्हणत नाहीत, प्रसंगावधान म्हणतात. नोकरी गेली तर सुवार्तेच्या स्कूटरला पेट्रोल कोण घालणार? शिवाय टेक्निकली बघता माझं टेबल आवक-जावकचं. म्हणजे चुकीचंच. नीलमला काही सांगितलं नाही. जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

२५ जानेवारी, रविवार
रानशेतला जाऊन सुक्याची समजूत काढायचं नक्की होतं. स्कूटरचा आवाज बरा वाटेना. चर्चमध्ये रिपोर्ट दिला: रानशेतचं एक कुटुंब प्रभूच्या अगदी जवळ आलं आहे. टाळ्या. पाळकसाहेबांनी विचारलं, कशी आहेत माणसं? मी म्हणालो, फार समजूतदार.
आज एवढंच खरं बोललो.

१ फेब्रुवारी, रविवार
पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या रविवारी आपण दोघे रानशेतला जाऊ. सुक्याला निरोपही पाठवला. अंगात कणकण वाटतेय. थर्मामीटर नाही म्हणतो.
शेवटी नीलमला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, "त्याला काय वाटलं असेल हो?"
इतके दिवस मी ऑफिसातल्या साहेबांना काय वाटलं असेल याचाच हिशोब करत होतो.

८ फेब्रुवारी, रविवार
पाळकसाहेबांना ऐनवेळी एका अंत्यविधीला जावं लागलं. एकटाच गेलो. रस्ताभर माफी पाठ करत होतो. प्रस्तावना, मुद्दे, समारोप.
सुक्याने शेजारची पाच-सहा माणसं जमवून ठेवली होती. रखमीने चहा दिला. चांगली हिंडतेफिरतेय. मी सुक्याला बाजूला घेऊन प्रस्तावना सुरू केली, तर तो म्हणाला, "राहू दे साहेब. नोकरी हाय तुझी." याआधी भाऊ म्हणायचा.
आम्ही आत जाऊन बसलो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी बायबल उघडलं. सुक्या उठला, बाहेर रस्त्याकडे डोकावून आला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "साहेब, दार लावू का? कोणी बघायला नको तुला."
त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला. असता तर बरं झालं असतं.
उघडं राहू दे, असं म्हणायचं होतं. अगदी ओठांवर होतं. पण खालून चढावर कुणाची तरी मोटरसायकल येत होती.
म्हणालो, लाव.
त्याने लावलं. मग आतल्या अंधारात रखमीने सगळ्यांना सांगितलं, हळू बोला.