डब्लिनला जाण्याआधी लपवलेली गोष्ट

बाबा,

‘प्रिय’ मुद्दामच लिहिलं नाही. रीम आयलंडच्या आपल्या टॉवरच्या लॉबीत आज पुन्हा हॅलोविनचे भोपळे मांडलेत. ते बघून शेजारच्या नजमाभाभी लिफ्टपाशीच रडायला लागल्या आणि वर्षभर दाबून ठेवलेलं बोलून गेल्या.

“डॉक्टरांनी काकांना लगेच अ‍ॅडमिट व्हायला सांगितलं होतं. तुम्ही निघायच्या दोन दिवस आधी. मीच क्लिनिकमध्ये नेलं होतं. पण मला शपथ घातली, मनूला कळता कामा नये.”

दोन दिवस आधी! म्हणजे मी बॅगा भरत होते, तुम्ही समोर बसून ईराच्या सांगाड्याच्या ड्रेसचं बटण लावत होतात, तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं?

हॅलोविन जिथे सुरू झालं त्या आयर्लंडलाच बघायचं, हा ईराचा हट्ट. मी म्हटलं होतं, बाबांना एकटं कसं ठेवू? तुम्ही हसलात. “इथे आखातात, रुवैसच्या रिफायनरीत निम्मं आयुष्य एकट्यानं काढलंय. जा गं, यल्ला!”

डब्लिनहून व्हिडिओ कॉल केला तेव्हा माझा चेहरा पांढराफटक रंगवलेला, ओठांतून लाल ओघळ. “अगदी हडळ दिसतेस!” म्हणालात. नऊ वर्षांच्या ईरानं मात्र बरोबर ओळखलं. “आजोबा, यू लुक सो टायर्ड.”

“लाईट कमी आहे गं इथे.”

तिच्याशीसुद्धा खोटं बोललात, बाबा!

तासाभरात भाभींचा फोन आला. मिरवणूक रंगात आलेली, ढोलांपुढे काही ऐकू येईना. मग ऐकू आलं, तुम्ही गेलात. मी भर रस्त्यात बसून किंचाळले, आणि भोवतीच्या भुतांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काय मस्त नाटक करतेय ही बाई! तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तो तुम्ही दिलात मला.

आणि ही पहिली वेळ नव्हती. आईचा रिपोर्ट माझी बारावी संपेपर्यंत लपवलात. करामाच्या आपल्या जुन्या घरी शेवटचा पेपर देऊन आले, तेव्हा ती मला ओळखतही नव्हती. तेव्हा मी तुम्हाला माफ केलं. चूक केली.

“कुणाला त्रास दिला नाही हो त्यांनी,” असं भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता. मला हवा होता तो त्रास! हॉस्पिटलच्या खुर्चीत बसायचं होतं, तुमच्यावर चिडायचं होतं, गोळ्या घ्यायला लावायच्या होत्या. ट्रिप काय, कधीही झाली असती. माझ्या वाटणीचे ते दिवस तुम्ही परस्पर ठरवून टाकलेत. कुणी सांगितलं होतं?

आज ईरालाही खरं सांगितलं. “सो ही न्यू? त्यांना माहीत होतं?” एवढंच म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. मी तुमची बाजू घेतली नाही.

एक वचन देते, पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. उद्या मला काही झालं, तर सगळ्यात आधी ईराला सांगेन. तिची परीक्षा असो, लग्न असो, विमानात बसायची वेळ असो. रडेल, चिडेल, सगळं सोडून येईल. येऊ दे. माझ्याजवळ बसून रडेल.

अजूनही रागावलेली,
मनू