हरभऱ्याच्या पानातली वाट

परभणी, २ जानेवारी २०२५

ती. पार्वतम्मा आत्यास शिवांजलीचा सा. न.

घडलं ते असं:
१. येळवसेच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेच्या सणाच्या, आधी मी तामलवाडीला तुमच्या शेतात हरभऱ्याच्या काही रोपांना लाल दोरे बांधले.
२. त्या रोपांच्या पानांत पांढऱ्या नागमोडी रेघा होत्या. आत नागअळी होती. तिचीच पुढं माशी होते.
३. दोरे कशासाठी, हे मी कुणाला सांगितलं नाही.
४. येळवसेला भज्जीच्या कालवणासाठी शेतातला हरभरा खुडला, असं तुमचा रामलिंगदादा फोनवर म्हणाला.

ही माशी मला सोलापूरकडे मिळाली, बीडकडेही मिळाली. मधला आपला जिल्हा माझ्या अभ्यासाच्या नकाशावर कोरा आहे. अळीवरून जात ठरत नाही, नर माशी लागते. रेघांचं एखादं पान उरलं असेल, तर तळाला ओलसर माती घातलेल्या बाटलीत ठेवून तोंडाला फडकं बांधा. नसेल, तर यंदाचा हंगाम गेला. राग नाही.

शिवांजली

तामलवाडी, ६ जानेवारी

चि. शिवांजलीस अ. उ. आ.

राग नाही म्हणून लिहितेस, म्हणजे लई आहे. तुझ्या दोऱ्याच्या रोपांना कुणी हात लावला न्हाय. मला वाटलं, पोरीनं लग्नाचा नवस केला, लाजून सांगितला न्हाय. म्या कुंकू वाहिलं, बायांना दम भरला. शेजारची प्रेमाबाई म्हणाली, नवसाला हिला हरभराच सापडला व्हय?

तुझं पत्र वाचून पानं आणली, एक उन्हाकडं धरलं. बाई गं! एवढंसं पान, वरून कातडी, खालून कातडी, आणि मधे जिता जीव सरकतोय! रेघ सुरवातीला केसाएवढी, शेवटी जाड. मी बघतच राहिले, चुलीवर दूध उतू गेलं.

मग तू सांगितल्यागत पानं बाटलीत ठेवली, तर अळ्या पान फोडून मातीत गेल्या. आता नुसते दाणे दिसतात. मेल्या का जगल्या, कळंना. रामलिंग बाटली एसटीनं पाठवतोय. जेवत जा.

तुझी आत्या

परभणी, २७ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

मेल्या नव्हत्या. दाणे म्हणजे कोश. आज एकातून माशी निघाली, मोहरीएवढी. नर आहे.

रेघ जाड होत जाते, कारण अळी वाढत जाते. तिचं सगळं बालपण त्या पानावर उमटलेलं राहतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. आज तो भिंगाखाली पंख उलगडत होता, तेव्हा वेळ टिपायची विसरले. असं माझं होत नाही. त्याच्या पायाला लाल कण होता. कुंकू असावं. पुसलं नाही.

नवस नव्हता. तरी प्रेमाबाईंना फळला म्हणून सांगा.

नकाशावर आता तामलवाडीचा ठिपका पडेल. संग्रहातल्या माशीच्या चिठ्ठीवर गाव, पीक आणि गोळा करणाऱ्याचं नाव लागतं. गोळा तुम्ही केलीत. ‘रामलिंगची आई’ चालणार नाही. माया आहे तशीच ठेवा, आणि तुमचं पूर्ण नाव, तुम्हाला हवं तसं, ५ फेब्रुवारीपर्यंत लिहून पाठवा.

शिवांजली