अमर विरुद्ध आपण

प्रिय फ्यूज,

हे पत्र तुझी वहिनी तुझ्या हातात देईल तेव्हा आधी तिला पाणी दे, बसव, आणि पत्र पुरतं वाचून होईपर्यंत मला फोन करू नकोस. त्रेपन्न वर्षांच्या नावाजलेल्या इंजिनिअरला अजून फ्यूज काय म्हणता, असं ती आत्ताच माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली. मी म्हटलं, ज्याने दहाव्या वर्षी अख्ख्या गल्लीची वीज घालवली त्याला दुसरं काय म्हणायचं? तेवढ्यावर ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसली, कारण आमच्यात सध्या बोलणं असं फारसं नाही. कशावरून, ते पुढे येईलच.

दर रविवारी तू फोनवर विचारतोस, दादा, कसा आहेस? मी म्हणतो, एकदम टकाटक. ते खोटं आहे. मी थकलोय रे. तसं दुखत-खुपत काही नाही, नुसता थकलोय. तू बनवलेला पंप माझ्या छातीत बसून पुढच्या महिन्यात चार वर्षं होतील. माझं हृदय केव्हाच राम म्हणालं होतं. तुझा पंप नसता तर मी लेकीची मुलगी पाहिली नसती, हे मी कधी विसरणार नाही. पण रोज सकाळी उठलं की भिंतीची वायर काढा, कमरेच्या डब्याला बॅटऱ्या लावा, पोटातून जिथून वायर बाहेर येते ती जागा पुसा, पट्टी बदला. चौतीस वर्षं पंपहाउस चालवून या शहराला पाणी पाजलं मी, आणि आता स्वतःच्या अंगावर एक तांब्या ओतायची चोरी. ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, झालं! दवाखान्यात नवी नर्स आली की मनगट धरते, नाडी लागत नाही म्हणून तिचा चेहरा पांढरा पडतो, आणि मलाच तिला धीर द्यावा लागतो, की बाई, तो पंप सलग फिरतो, ठोके देत नाही, मी आहे अजून.

म्हणून तू पाठवलेला तो संमतीचा फॉर्म दोन महिने फ्रिजवर चुंबकाखाली तसाच लटकतोय. नवीन पंप, आकाराने निम्मा, आणखी दहा वर्षं, सगळं वाचलं मी. जुन्याची पाच वर्षं भरायच्या आत बदललेला बरा, हेही पटलं. पण पुन्हा छाती उघडायची, पुन्हा तीन आठवडे नळ्या, पुन्हा श्वास घ्यायला शिकणं, आणि हे सगळं कशासाठी, तर पुन्हा रोज सकाळी वायर काढण्यासाठी. मी ठरवलं होतं की सही करायची नाही. वहिनीला सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग भांडली, आणि मग बोलायचीच बंद झाली. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

तुला आपली वही आठवते? तीच, पाठपोट लिहिलेली, वर तुझ्या किरट्या अक्षरात ‘अमर विरुद्ध आपण’. बाबांच्या पंपहाउसच्या पायरीवर बसून दर रविवारी एक सामना. मी अमरांच्या, म्हणजे गोष्टींतल्या देवांच्या बाजूने, कारण मोठा म्हणून निवडायचा हक्क माझा. तू आपल्या, म्हणजे माणसांच्या बाजूने. मी म्हणायचो, अमर एका पावलात समुद्र ओलांडतात. तू विमान काढायचास. मी म्हणायचो, त्यांना हजार मैलांवरचं दिसतं. तू दुर्बीण, आरसे, काय काय जोडून चित्र काढायचास. एकदा मी म्हटलं, अमर झोपत नाहीत, तर तू म्हणालास, मग ते सकाळी उठणार कसे, आणि हसता हसता पायरीवरून खाली पडलास. गुडघ्याची खूण असेल अजून.

पंच बाबा. आतून पंपांचा आवाज, दारात खुर्ची टाकून ते बसलेले, आणि त्यांचा एकच नियम. यंत्र कितीही भारी असो, बिघडल्यावर आपल्याला ते दुरुस्त करता येणार असेल तरच गुण. तू चिडायचास. तू एकदा कधीच न बिघडणारं यंत्र काढून आणलंस आणि बाबांनी ते बाद केलं, तेव्हा दोन दिवस जेवला नाहीस. ते म्हणाले होते, जे कधीच बिघडत नाही ते अमरांकडे आधीच आहे, त्यात आपलं काय? मला तेव्हा वाटलं, म्हातारा धाकट्याला उगाच छळतोय. ‘मेलेल्या माणसाला चालतं ठेवणं’ हा शेवटचा सामना तसाच राहिला, कारण तू शिकायला गेलास. चार वर्षांपूर्वी शुद्धीवर आल्यावर मला पहिल्यांदा तोच आठवला. म्हटलं, जिंकला गडी! पण बाबांच्या नियमाने बघितलं तर गुण मिळत नव्हता, कारण तुझा पंप दुरुस्त होत नाही, नुसता बदलता येतो. हे तुला तेव्हा सांगणं बरं दिसलं नसतं.

आता जे सांगायचं ते सांगतो. बाबांचा लांब स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आहे, लाकडी मुठीचा. त्याचं टोक पंपाच्या अंगाला लावायचं, मूठ कानाशी धरायची, आणि आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकायचं. हे तुला सांगायला नको, पण तू कागदावरच्या पंपांकडे गेलास आणि तुझा कान राहिला तो राहिलाच. चार महिन्यांपूर्वी दुपारी रिकामा बसलो होतो, गंमत म्हणून वहिनीला म्हटलं, धर टोक माझ्या छातीला. तिने आधी वेड्यात काढलं, मग धरलं. सलग गुणगुण होती, छान. आणि मध्येच एक खरखर. बारीक, कोरडी, साधारण अकरा-बारा सेकंदांनी एकदा. डाव्या कुशीवर झालो की जास्त. चौतीस वर्षांत हा आवाज मी किती वेळा ऐकलाय! बेअरिंगला झीज लागली की पहिल्यांदा असंच बोलतं ते, आणि मग काही महिन्यांत पंप उभाच राहतो. आमच्याकडे निदान शेजारी दुसरा पंप तयार असायचा.

तुझ्या कमरेच्या डब्यावर काही दिसत नाही, कारण तिथला आकडा सरासरीचा, क्षणभराची खरखर त्यात बुडून जाते. दवाखान्यात दर महिन्याला तपासतात तेव्हा आधी वेग वाढवतात, आणि वेग वाढवला की खरखर दबून जाते. नवशिक्या ऑपरेटरची हीच चूक असते. पंप जोरात चालवून बघतो आणि म्हणतो, झकास आहे. झीज ऐकायची तर पंप हळू करावा लागतो. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी चार महिने तोंडातून ब्र काढला नाही. का, तर तुला कळलं की तू नवीन पंप काखेत मारून धावत येशील, आणि मला नको होतं. वाटलं, चाललंय तेवढं चालू दे, थांबेल तेव्हा थांबेल. वहिनीलाही शपथ घातली. ती चार महिने माझ्या पापाचं ओझं वाहतेय, तेव्हा तिच्यावर आवाज चढवू नकोस.

आणि मग गेला मंगळवार. दवाखान्यात माझ्या पाठोपाठ नंबर असतो तो एका चित्रकलेच्या बाईंचा. एकतीस वर्षांच्या आहेत, तुझाच पंप, माझ्यासारखाच, बसवून आठ महिने. मोठ्या विनोदी आहेत. आम्हा दोघांचं त्यांनी एक चित्र काढलंय, दोन केटल्या बाकावर बसून गप्पा मारतायत आणि दोघींच्या वायरी एकाच प्लगात. त्यांची सात वर्षांची मुलगी बरोबर असते, आईच्या बॅटऱ्यांची पिशवी तीच सांभाळते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. माझ्या पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर बघून बाईंनी विचारलं, हे काय हो काका? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग माझंही ऐका की. वहिनीने पडद्याआड नेऊन टोक धरलं, मी डोळे मिटून मूठ कानाशी घेतली. तिथेही तीच खरखर. माझ्यापेक्षा खूप बारीक, पण तीच. माझ्या पंपाला हे व्हायला साडेतीन वर्षं लागली, त्यांच्या पंपाला आठ महिने.

बाईंनी विचारलं, कसं आहे? मी म्हटलं, एकदम टकाटक. फ्यूज, त्या शब्दाची मला शिसारी आली रे. बाहेर येऊन मी तिथल्या डॉक्टरांना सांगितलं. भले गृहस्थ आहेत, त्यांनी लगेच बाईंना पुन्हा झोपवलं, वेग वाढवला, आकडे बघितले, आणि मला म्हणाले, काका, तुम्ही काळजी करू नका, विश्रांती घ्या. त्यांचं काय चुकलं? स्क्रू ड्रायव्हर घेऊन फिरणाऱ्या म्हाताऱ्याचं कोण ऐकणार? ऐकणारा जगात एकच आहे आणि तो माझा भाऊ आहे. तुला सांगायला दोनदा फोन हातात घेतला. पण माझ्या छातीत खरखर आहे एवढं ऐकलंस की पुढचं तुला ऐकूच आलं नसतं. तू पहिल्यापासून तसाच आहेस.

तेव्हा आता नीट वाच. वहिनीच्या पिशवीत बाबांचा स्क्रू ड्रायव्हर आहे आणि बाईंचा पत्ता आहे. आधी त्यांच्याकडे जा. वेग हळूहळू उतरव, सोबत डॉक्टर ठेव, बाईंना डाव्या कुशीवर झोपव आणि स्वतःच्या कानाने ऐक, दुसऱ्या कुणाला ऐकायला सांगू नकोस. मग माझ्याकडे ये. त्याच पिशवीत तुझा फॉर्म आहे, फ्रिजवरून काढला आणि सही केली. माझा थकवा गेलाय असं समजू नकोस, आणि नवीन पंपाची हौसही मला आलेली नाही. पण खोट कुठे आहे ते बाहेरून कळणार नाही, झिजलेला पंप उघडून बघावाच लागेल, आणि सगळ्यात जास्त झिजलेला पंप माझ्याकडे आहे. तो बाहेर काढ, खोल, कुठल्या बाजूने खाल्लंय ते बघ, आणि बाईंचा थांबायच्या आत त्यांच्यासाठी काय करायचं ते शोध. मी टेबलावरून उठलो नाही तरी पंप तुझ्या हातात असेलच, वेळ रडण्यात घालवू नकोस. ते दुरुस्त झालं की वहीत शेवटच्या सामन्यापुढे स्वतःच्या हाताने एक गुण मांड. बाबा असते तर त्यांनीही दिला असता.

तुझाच,
दादा