आधी हे वाचा

वसमत, बुधवार

प्रिय रत्नपाल,

माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, असं विजया म्हणते. बायकोचा अंदाज चुकला की पूर्वी मला आनंद व्हायचा. हल्ली काही होत नाही. चहा पितो, तो गरम आहे एवढं कळतं.

इकडे मोंढ्याबाहेर हळदीच्या गाड्यांची रांग लागली आहे आणि सगळं गाव शिंकून राहिलं आहे. साप्ताहिक निघतं. माझं सदर अजून शेवटच्या पानावर असतं, आणि लोक पेपर अजून शेवटाकडूनच उघडतात. दुसऱ्याची फजिती तिथं असते.

दोन वर्षांपूर्वी त्याच जागी मी तुझ्यावर लिहिलं. नाव घातलं नव्हतं, ‘डोंगरकड्याचे एक संगणक-गुरुजी’ एवढंच. जसे काही तिथं दहा-वीस होते. पोरांच्या गणिताचा एक फुकट प्रोग्राम तू इंटरनेटवरून उतरवलास, सहा महिने बसून मराठीत आणलास, सफरचंदांच्या जागी हळदीची पोती, आपले कट्टे, मोजायला लावलेस, आणि पेनड्राइव्हवर भरून शाळांना दिलास. एकेका पेनड्राइव्हचे दीडशे रुपये घेतलेस. मी लिहिलं, ‘पाणपोईचं पाणी बाटलीत भरून विकणारा चोर.’ हे वाक्य मला फार आवडलं होतं. लोकांनाही आवडलं. तू फोन केलास, “राध्या, त्यात ‘आधी हे वाचा’ नावाची फाईल हाय. ती वाच, मंग काय छापायचं ते छाप.” पुढच्या अंकात मी त्या फोनवरही एक विनोद केला.

मुख्याध्यापक घाबरले. त्यांनी सगळ्या संगणकांवरून तो प्रोग्राम पुसून घेतला, तुझा वर्ग बंद केला. तू पुण्याला गेलास. मागं शाळेत पोरं तुझ्या लेकीला, ऐश्वर्याला काय म्हणायची, ते मला आत्ता कळलं. इथं लिहीत नाही.

तुझी आई, लक्ष्मीमावशी गेल्या तेव्हा मी आलो होतो. तुझ्या घरासमोर हातपंपापाशी उभा होतो. तू पाहिलंस, मी पाहिलं, आणि मी साडेअकराच्या एसटीनं परत आलो. घरात यायची, चप्पल काढायची वेळच आणली नाही.

मागच्या आठवड्यात करुणावहिनी माझ्या छापखान्यात आल्या, मावशींचा फोटो मोठा करून घ्यायला. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, “फोटू लई हायेत, भाऊजी. आवाज कुठंच न्हाई.” मग सांगितलं की आवाज एकाच जागी होता, तुझ्या त्या प्रोग्रामात. उत्तर बरोबर आलं की काय बोलायचं आणि चुकलं की काय, हे तू मावशींकडून बोलून घेतलं होतंस. “ह्यांनी रागात लॅपटॉपवरचं समदं पुसलं. शाळेनं तुमी लिवलं म्हणून पुसलं.” आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मग तो आवाज शोधत मी पाच शाळा फिरलो. माझ्या लेखणीत एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं. पाचही ठिकाणी काही शिल्लक नव्हतं. शेवटी कुणीतरी कनेरगाव नाक्याचं नाव सांगितलं. तिथं ढाब्याला लागून मोहनसिंगचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तो तुझा प्रोग्राम पन्नास रुपयांत भरून देतो, फलक लावून. मी विचारलं, हा विकायला चालतो का? तो म्हणाला, “काहून न्हाई चालत? गुरुजीच म्हणले, खुशाल वाट, मेहनतीचे पैसे घे, फकत ती फाईल काढू नको.” मी पन्नास रुपये दिले. पावती मागितली नाही.

ती फाईल तिथंच, त्याच्या स्टुलावर बसून वाचली. बावीस ओळी. मूळ ज्यांनी हा प्रोग्राम केला त्यांची नावं. तो वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, वाटल्यास पैसे घ्या. ही नावं आणि हा मजकूर तेवढा काढू नका, आणि तुम्हाला मिळालेली मोकळीक पुढच्यालाही द्या. चौथीच्या पोराला कळेल अशा मराठीत तू लिहिलं आहेस. मला दोन मिनिटं लागली. फुकट मिळालेल्याचे पैसे घेतले की चोरी, एवढंच मी धरून बसलो होतो. आणि ते न वाचता तुला, तुलाच, चोर म्हणायची मला एवढी घाई का झाली, याचं उत्तर मला ठाऊक आहे. तुला माझ्या आधीपासून ठाऊक असेल.

या अंकात शेवटच्या पानावर तुझं पूर्ण नाव आहे, खाली तुझ्या बावीस ओळी, आणि वर माझ्या माफीच्या चार. विनोद नाही. पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. वहिनी रविवारी तिकडं पुण्याला येतायत, त्यांच्याजवळ हे पाकीट देतो आहे. आत पेनड्राइव्ह आहे. फाईल काढलेली नाही. प्रोग्राम नीट चालतो का, ते सोमवारी पाहिलं. पहिलंच गणित, तीन कट्टे आणि चार कट्टे. मी सात दाबलं. मावशी म्हणाल्या, “व्हय, बराबर!” मग मी आठ दाबलं. “न्हाई रे लेकरा, पुन्हा बघ.” मग नऊ. विजया आतून येऊन दारात उभी राहिली. तीन आणि चार किती होतात ते मला येतं, रत्नपाल. सोमवारपासून मी चुकीचंच उत्तर देतो आहे.

तुझाच,
राध्या